शुक्रवारी रात्री गाडीत कोणत्या स्की चढवायच्या

आमच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून स्कीचे चार जोड उभे असतात आणि हिवाळ्यात दर शुक्रवारी रात्री त्यांच्यासमोर बापलेकीचा वाद होतो. लेकीला कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिज या स्कीच्या डोंगरावरच्या टेरेन पार्कात, म्हणजे कसरतींसाठी बांधलेल्या उतारावर, लोखंडी रेलवरून सरकायचं आणि जंप मारायच्या असतात. मला रात्री पडलेल्या ताज्या, भुसभुशीत हिमात, म्हणजे पावडरमध्ये, शिरायचं असतं. गाडीच्या टपावर मात्र दोनच जोड मावतात. डेन्व्हरला नव्याने आलेली मराठी मंडळी दरवर्षी विचारतात, "एक चांगली स्की सांगा ना, सगळीकडे चालेल अशी." त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून ही तयारीची यादी लिहून काढतो आहे.

पहिलं काम स्कीला हात न लावता करायचं: रात्री दहाच्या सुमारास बर्फाचा अंदाज बघायचा. इकडे सगळे इंचात बोलतात, तेव्हा मीही इंचातच सांगतो. चार इंचांपेक्षा कमी पडणार असेल तर रुंद पावडर स्की घरीच राहू द्या. चार इंच ताजं हिम दिसायला मऊ असतं, पण वळताना स्की खालच्या टणक थराला लागतेच आणि तिथे रुंदी अडचण करते. सहा इंचांच्या पुढे आकडा गेला की रुंद स्की काढा. आकड्याबरोबर वाराही बघा. ब्रेकनरिजची इम्पीरियल एक्सप्रेस ही लिफ्ट १२,८४० फुटांवर नेते, उत्तर अमेरिकेत त्याहून उंच जाणारी चेअरलिफ्ट नाही, आणि वाऱ्यामुळे ती अनेकदा बंद असते. वाऱ्याने थापून ठेवलेलं हिम आणि शांतपणे पडलेलं हिम यांत भाकरी आणि भुसा यांच्याइतका फरक असतो.

मग स्कीवरचे आकडे वाचा. तीन आकडे छापलेले असतात: टोक, कंबर, शेपूट, सगळे मिलिमीटरमध्ये. आपल्याला कंबर बघायची, म्हणजे बुटाखालची रुंदी. पार्कच्या स्कीची कंबर साधारण ८५ ते ९६, सगळीकडे फिरणाऱ्या स्कीची ९० ते १०५, आणि पावडरची ११० ते १२०. काही त्याहूनही रुंद असतात, ब्लॅक क्रोज कंपनीची नॉक्टा १२२ची आहे. हा आकडा का महत्त्वाचा, ते साध्या गुणाकाराने कळतं. १७० सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद स्कीचं क्षेत्रफळ ढोबळमानाने १,५३० चौरस सेंटिमीटर. १८६ लांब आणि १२ रुंद असेल तर २,२३०च्या आसपास. वजन तुमचं तेच, पण ते जवळजवळ दीडपट जागेवर पसरलं. चिखलात फळी टाकून चालण्यामागेही हेच गणित आहे. लांबीसुद्धा यात मोजायची: पार्कची स्की नाकापर्यंत किंवा कपाळापर्यंत पुरते, पावडरची डोक्याएवढी किंवा चार बोटं वर.

आता स्की जमिनीवर ठेवून बाजूने बघा. जुन्या पद्धतीची स्की मधोमध धनुष्यासारखी उचललेली दिसेल. हा कॅम्बर. उभं राहिलं की ती कमान दबते, कडा पूर्ण लांबीने टेकते आणि टणक बर्फावर पकड मिळते. पावडरच्या स्कीचं टोक, आणि बहुधा शेपूटही, लांबूनच वर वळायला लागतं, कोकणातल्या होडीची नाळ वळते तसं. तो रॉकर. ही होडीची उपमा अगदीच माझी नाही. शेन मॅकॉन्की या स्कीपटूने अलास्कात वॉटरस्कीवर बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) बसवून खोल हिमात उतरून पाहिलं आणि पुढे २००२ साली व्होलंट कंपनीची स्पॅट्युला ही स्की निघाली: मध्ये रुंद, दोन्ही टोकांना अरुंद, आणि कमान उलटी. खोल हिम हे जमिनीपेक्षा पाण्याला जवळचं, हे त्याने ओळखलं. आजच्या पावडर स्की इतक्या टोकाच्या नसतात, बुटाखाली थोडा कॅम्बर ठेवतात, पण टोकाचा उठाव तिथूनच आला.

रुंदी आणि रॉकर सगळेच बघतात. न बघितली जाणारी गोष्ट म्हणजे बूट स्कीवर नेमका कुठे बसतो. माझ्या मते या सगळ्या यादीत हीच सर्वांत महत्त्वाची. पार्कच्या स्कीवर बाइंडिंग जवळजवळ मधोमध बसवलेलं असतं, कारण मुलांना हवेत गिरकी घेऊन उलटं उतरायचं असतं. त्याला स्विच म्हणतात. पुढे आणि मागे सारखी लांबी असली की गिरकी समतोल होते आणि शेपटीकडूनही टोकासारखंच जाता येतं. पावडरच्या स्कीवर मात्र बूट मध्यापासून काही सेंटिमीटर मागे असतो, म्हणजे पुढे जास्त लांबी मिळते, टोक वर तरंगतं आणि शेपूट थोडी बुडते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. दोन वर्षांपूर्वी रात्रीत चौदा इंच पडलं, माझी रुंद स्की दुरुस्तीला दिलेली, आणि मी लेकीची जुनी पार्कची जोडी घेऊन गेलो. तिची नव्हे, माझी हौस. पहिल्याच वळणाला टोकं खाली गेली, मी पुढे कोलमडलो. मग टोकं वर राहावीत म्हणून मागे रेलून उतरत राहिलो. मागे रेलून स्की करणं म्हणजे भिंतीला न टेकता खुर्चीच्या आसनात बसून राहणं. तासाभरात मांड्या पेटल्या आणि मी दुपारपर्यंत कॉफी पीत बसलो. लिफ्टमध्ये लेक म्हणाली, "बाबा, स्की वाईट नाहीये, चुकीच्या ठिकाणी आलीये." त्या वाक्यापुढे मला काही बोलता आलं नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. ११६ किंवा १२० कंबरेची स्की घेऊन पार्कात गेलात तर जंपच्या आधीच्या टणक उतारावर ती खडखडते, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळ घेते, आणि हवेत तिची लांबी-रुंदी गिरकीला जड पडते. रेलवर नुसतं चढून सरकण्यापुरती रुंदी त्रास देत नाही, खरं नुकसान कडांचं होतं. पावडरची स्की हलकी राहावी म्हणून तिच्या स्टीलच्या कडा बारीक ठेवतात. लोखंडी रेलवर बाजूने आदळल्यावर त्यांना तडा जातो, कधी कड उपटूनही येते. पार्कच्या स्कीची कड अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड, तळही जाड, आणि दोन्ही टोकं वळलेली. हा दुटोकी प्रकार दुकानांत जोरात आला तो १९९८च्या सॅलोमन टेनएटीपासून. माइक डग्लस, जेपी ऑक्लेअर आणि त्यांचे कॅनडातले साथीदार तिच्यामागे होते. सोळा वर्षांनी, २०१४च्या सोची ऑलिम्पिकमध्ये, स्लोपस्टाइल, म्हणजे रेल आणि जंपवरच्या कसरती, स्पर्धा म्हणून दाखल झालं.

पार्कच्या जोडीवर रात्री एक छोटं काम करा: स्कीच्या बुटाखालच्या भागातल्या कडा कानशीने हलक्या बोथट करा, नाहीतर रेलच्या खरवडीत कड अडकते आणि माणूस थेट रेलवर पडतो. पण एकदा बोथट केलेली जोडी सकाळच्या निसरड्या उतारावर धरत नाही, हे लक्षात ठेवा. म्हणूनच तीच जोडी घेऊन रविवारी डोंगरभर फिरायचा बेत करू नका.

मग "एकच चांगली स्की" कोणती? वर्षाला आठ-दहा दिवस जाणाऱ्याने ९६ ते १०० कंबरेची, दोन्हीकडे थोडी वळलेली, बुटाखाली कॅम्बर असलेली जोडी घ्यावी. आर्माडा एआरव्ही ९६, ॲटॉमिक बेंट १०० किंवा के-टू पोचर ९६ या जातीतली. त्यातल्या पोचरचा कल पार्काकडे, बेंट १००चा मऊ हिमाकडे. अशी जोडी लहान जंप आणि बॉक्सवर (रेलचाच रुंद, सपाट प्रकार) चालते, आठ इंच हिमातही नेते, पण दोन्हीकडे थोडं थोडं कमी पडते. खरा पावडरचा दिवस उगवला की त्या दिवसापुरती रुंद स्की भाड्याने घ्या. वर्षातून तीन दिवस लागणाऱ्या वस्तूसाठी गॅरेजमध्ये जागा अडवू नका, असं सांगणारा मी चार जोड बाळगून आहे, ते सोडा. भाड्याने घेताना फार हलकी रुंद स्की टाळा. सकाळी नऊला ती स्वर्ग वाटते, पण अकरा वाजता सगळ्यांनी तुडवून हिमाचे ढिगारे झाले की प्रत्येक ढिगाऱ्याला ती टोलवली जाते. थोडी जड, थोडी ताठ स्की तिथे सरळ चिरत जाते.

बाइंडिंग बघायला पाच मिनिटं द्या. ब्रेकचे दांडे, म्हणजे स्की निघाली की खाली येऊन तिला थांबवणारे, स्कीच्या कंबरेएवढे किंवा तिच्याहून जास्तीत जास्त पंधरा मिलिमीटर जास्त रुंद हवेत. अरुंद असले तर खाली उतरत नाहीत, फार रुंद असले तर वळताना बर्फात घासतात. डिनचा आकडा, म्हणजे किती जोर आला की बूट बाइंडिंगमधून सुटावा ते, वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची शैली यांवरून दुकानदाराने लावलेला असतो. पार्कातली पोरं स्की निघू नये म्हणून तो परस्पर वाढवतात. आमच्याकडे स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतो, तिच्या नाही. पन्नाशी ओलांडली की तक्ता तुम्हाला आपोआप एक पायरी खाली ढकलतो. मला ते गेल्या वर्षी काउंटरवरच्या मुलाने फारच प्रेमाने समजावलं. आणि बुटाचा तळ ग्रिपवॉक (चालायला सोपा, किंचित गोलाकार) असेल तर जुनं बाइंडिंग तो घेतं का, हे आधी विचारा.

वॅक्सचा, म्हणजे स्कीच्या तळाला लावायच्या मेणाचा, विचार दोन्ही ठिकाणी वेगळा. कोलोरॅडोच्या कोरड्या थंडीत हिमाचे कण टोकदार असतात, मऊ वॅक्समध्ये ते रुततात आणि स्की चिकटते, म्हणून थंडीचं कडक वॅक्स लावा. एप्रिलच्या पार्कात उलट, ओला बर्फ तळाला ओढून धरतो. तिथे वॅक्स चुकलं तर फक्त वेग जात नाही. जंपला लागणारा वेग कमी पडला की माणूस उताराच्या लँडिंगपर्यंत न पोहोचता आधीच्या सपाट माथ्यावर आदळतो आणि गुडघे जातात. म्हणून नव्या जंपवर आधी उडी न मारता एकदा शेजारून वेग मोजत जा, दुसऱ्याला जाताना बघा, मगच. पार्काच्या दाराशी नारिंगी लंबगोल पाटी असते, तिच्यावर आतले जंप आणि रेल किती मोठे ते लिहिलेलं असतं. ब्रेकनरिजच्या पीक ८ या शिखरावर पार्क लेन हा पार्क आपल्यासारख्यांना पुरे, फ्रीवे हा मोठा पार्क लिफ्टमध्ये बसून बघायला छान.

पावडरच्या पिशवीत मी सर्वांत आधी दोन भडक रंगाच्या रिबिनी टाकतो, प्रत्येकी दीड-दोन मीटर. एक टोक बाइंडिंगच्या टाचेला, उरलेली घडी करून पँटच्या पायात. खोल हिमात स्की निघाली की ती खाली बुडते आणि दिसेनाशी होते. शोधताना माणूस हमखास चूक करतो, जिथे आपण थांबलो तिथे खणत बसतो. स्की बहुतेक वर असते, जिथे ती निघाली तिथेच. आपण मात्र घरंगळत खाली आलेलो असतो. वर चढा, काठीने उताराला आडव्या रेघा मारत या, एक हात अंतर सोडून दुसरी रेघ. मी एकदा अशा रेघा पाऊण तास मारल्या आहेत, तेव्हापासून रिबीन सुटली नाही. झाडीत उतरताना काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, शिट्टी गळ्यात ठेवा, आणि जोडीदार डोळ्यांआड होऊ देऊ नका. झाडाच्या बुंध्याभोवती पोकळ हिम असतं, त्यात डोकं खाली गेलं तर स्वतःहून बाहेर येता येत नाही. हद्दीबाहेरच्या फाटकातून जायचं असेल तर बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (हिमात खुपसायची लांब काठी), फावडं आणि ते वापरण्याचं प्रशिक्षण, चारही हवं, शिवाय सीएआयसी या कोलोरॅडोच्या हिमस्खलन माहिती केंद्राचा त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचलेला असावा. एकही कमी असेल तर फाटकाच्या आतच पुष्कळ डोंगर आहे.

पाणी जास्त घ्या. डेन्व्हर शहरच १,६०९ मीटरवर आहे, कळसूबाईच्या माथ्याहून जेमतेम सदतीस मीटर खाली, आणि ब्रेकनरिज गाव त्याच्याही तेराशे मीटर वर. पाहुणे पहिल्या दिवशी डोकं धरून बसतात ते यामुळे. खिशात शेंगदाण्याचे लाडू ठेवा. तिळाची वडी थंडीत अशी कडक होते की संक्रांतीला दाताच्या डॉक्टरकडे जावं लागेल. डेन्व्हरहून डोंगराकडे जाणाऱ्या आय-७० रस्त्यावर सप्टेंबर ते मे टायरची नक्षी किमान ३/१६ इंच खोल लागते, ती रात्रीच बघा. आणि सकाळी साडेपाचच्या आत निघा, सहाला निघणारा माणूस बोगद्याआधीच्या रांगेत इतरांच्या टपावरच्या स्की मोजत बसतो.

स्की रात्री गाडीवर राहिल्या तरी चालतात. बूट मात्र घरातच ठेवा, गारठलेलं प्लास्टिक सकाळी पायात जात नाही. आतले अस्तर बाहेर काढून हीटरपासून हातभर लांब वाळवा. घरात ठेवलेले बूट घरातच राहतात, हेही आमच्याकडे एकदा वाटेतल्या इडाहो स्प्रिंग्ज गावापर्यंत गेल्यावर कळलं आहे. म्हणून आता झोपण्याआधी गाडीची किल्ली लेकीच्या डाव्या बुटात टाकतो.