कंडेम, सेन्शर की डिनाउन्स? निंदेचा नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

बातम्यांच्या अनुवादात मला बावीस वर्षं झाली. कधी इंग्रजीतून मराठीत, कधी मराठीतून इंग्रजीत. इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक 'डिनाउन्स' या एका शब्दाची. एका देशाने एक करार 'डिनाउन्स' केल्याची बातमी आली आणि मी लिहून टाकलं, 'कराराचा तीव्र निषेध केला'. प्रत्यक्षात तो देश करारातून रीतसर बाहेर पडला होता. कायद्याच्या भाषेत करार डिनाउन्स करणं म्हणजे आपण त्यातून अंग काढून घेत आहोत, असं अधिकृतपणे कळवणं. करारांच्या कायद्याविषयी १९६९मध्ये व्हिएन्नात जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या ५६व्या कलमात हा शब्द याच अर्थाने आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थही जाहीर करणं, कळवणं असाच. म्हणून आजही 'डिनाउन्स'मध्ये चारचौघांत, उघडपणे बोलणं गृहीत धरलेलं असतं. घरात बसून मनातल्या मनात कुणाला डिनाउन्स करता येत नाही.

त्या दिवसापासून मी शब्दकोशातली समानार्थी यादी बाजूला ठेवते आणि आधी बघते, कोण कुणाला बोलतंय. शब्द किती जहाल हवा, हे नंतर.

एक साधं वाक्य घ्या : 'द मॅनेजर रिप्रिमांडेड द क्लार्क.' इथे साहेबाने रीतसर ठपका ठेवला आहे, कदाचित लेखी, कदाचित तो सेवापुस्तकातही जाईल. आता क्रियापद बदलून 'बिरेटेड' करा. साहेबाचा आवाज चढला, दार उघडं आहे, बाहेरच्या टेबलांवरची माणसं खाली मान घालून ऐकताहेत. कागदावर काहीच उरणार नाही, पण क्लार्कची झोप उडेल. मराठीत आपण याला झापलं, फैलावर घेतलं म्हणू. 'अ‍ॅडमॉनिश्ड' केलं तर आवाज एकदम खाली येतो : समज दिली, पुन्हा असं होऊ देऊ नका. आणि 'रिप्रोच्ड' घातलं तर दुखावल्याची छटा येते, बोल लावल्यासारखी. हा शब्द जवळच्या माणसाच्या तोंडी शोभतो. आता वाक्य उलटं करा, क्लार्कने मॅनेजरला 'रिप्रिमांड' केलं. वाक्य मोडलंच. खालच्याला वरच्याला रिप्रिमांड करता येत नाही. तो फार तर 'क्रिटिसाइझ' करेल, चिडलाच तर 'डिनाउन्स'.

दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे रोख माणसावर आहे की कृत्यावर. 'कंडेम' दोन्हीला चालतो, म्हणूनच तो सगळीकडे दिसतो. 'डिप्लोअर' कृत्यालाच लावा. त्याच्या मुळाशी रडणं, शोक करणं आहे, त्यामुळे त्यात दुःख आणि नापसंती एकत्र येतात. हिंसाचार डिप्लोअर करतात, हल्लेखोराला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे ठराव भाषांतरित करताना 'डिप्लोअर' आणि 'कंडेम' दोन्हींना सरसकट 'निषेध' लिहू नका. मूळ मसुद्यात कोणता शब्द घालायचा यावर मुत्सद्दी घासाघीस करतात आणि आपण ती एका शब्दात पुसून टाकतो. मी पहिल्यासाठी 'तीव्र खेद व नापसंती' लिहिते आणि 'निषेध' दुसऱ्यासाठी राखून ठेवते. 'डिक्राय'ही धोरणाला, प्रथेला, प्रवृत्तीला लावतात. पूर्वी एखादं नाणं कमी मोलाचं ठरल्याची दवंडी पिटली जाई, त्याला हा शब्द होता. मोल उतरवणं हा अर्थ त्यात अजून शिल्लक आहे.

'सेन्शर'ला अधिकाराची खुर्ची लागते : सभागृह, समिती, व्यावसायिक परिषद. अमेरिकी सिनेटने २ डिसेंबर १९५४ रोजी आपलेच एक सदस्य जोसेफ मॅकार्थी यांच्याविरुद्ध ६७ विरुद्ध २२ मतांनी ठराव केला. सगळे त्याला सेन्शर म्हणतात, पण ठरावाच्या अंतिम शब्दांत त्यांचं वर्तन 'कंडेम्ड' आहे. म्हणजे कृतीचं नाव एक आणि मजकुरातलं क्रियापद दुसरं. अशा वेळी मथळ्यात 'निंदाव्यंजक ठराव' लिहावं, आणि ठरावातलं वाक्य देताना मात्र मूळ क्रियापदाशी इमान राखावं. शिवाय 'सेन्शर' आणि 'सेन्सॉर' यांची गल्लत टाळा. दोन्ही रोमच्या एकाच अधिकाऱ्याच्या घरातून आलेले, पण आज एकाचा अर्थ ठपका आणि दुसऱ्याचा कात्री.

खरमरीत शब्दांत माझा सगळ्यात आवडता 'एक्सकोरिएट'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कातडी सोलणं, आणि आपल्याकडे 'सालटी काढणं' आधीपासून तयारच आहे. 'लॅम्बेस्ट'च्या दोन्ही तुकड्यांचा अर्थ बडवणं, म्हणून 'झोडपून काढलं'. 'कॅस्टिगेट'च्या मुळाशी शुद्ध करण्याची कल्पना आहे, त्यामुळे समोरच्याने सुधारावं ही अपेक्षा त्यात येते. कडक कानउघाडणी त्याला बरोबर बसते.

'विलिफाय'बाबत मात्र फार जपा. तो लिहिला की निंदा अन्यायाची आहे, असा निकाल तुम्हीच देऊन मोकळे होता. 'विरोधकांनी नेत्याला विलिफाय केलं' म्हणजे विरोधकांनी नेत्याची नाहक बदनामी केली. बातमीदाराने हा शब्द स्वतःच्या तोंडी घेऊ नये, फक्त कुणाच्या अवतरणात आला तर द्यावा.

'फल्मिनेट', 'इन्व्हे', 'रेल' म्हणजे एखाद्यावर कडाडून तुटून पडणं. 'इन्व्हे'पुढे 'अगेन्स्ट' हवंच, बाकी दोघांपुढेही बहुधा तेच येतं, 'रेल'पुढे 'अ‍ॅट'ही चालतं. थेट कर्म जोडलं की वाक्य चुकलं. 'टायरेड' म्हणजे संतापाचा लांबलचक भडिमार. 'फिलिपिक' मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याच्याविरुद्ध अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याने केलेल्या भाषणांवरून आला. तो ठरवून, रचून केलेल्या भाषणालाच वापरा.

उरला 'स्लॅम'. इंग्रजी मथळ्यांत तो जागा कमी लागते म्हणून येतो, राग जास्त आहे म्हणून नव्हे. तो दिसला की मी मथळा सोडते आणि खाली अवतरणचिन्हांत त्या माणसाने नेमकं काय म्हटलंय ते शोधते. तिथे 'निर्णय निराशाजनक आहे' एवढंच असेल, तर मराठीत 'नाराजी व्यक्त केली' लिहिते.