'मॅडम, आयसी गेलाय': फ्लिप-फ्लॉपच्या प्रॅक्टिकलमधल्या या चुका टाळा

पॉलिटेक्निकच्या डिजिटल लॅबमध्ये मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. मुलं ब्रेडबोर्डवर काउंटर जोडतात, क्लॉकचं (म्हणजे काउंटरला एकेक आकडा पुढे ढकलणाऱ्या सिग्नलचं) बटण दाबतात, ० नंतर १ यायच्या जागी एकदम ३ येतो, आणि पुढच्या मिनिटाला कोणीतरी नवा आयसी मागायला माझ्या टेबलाशी उभं असतं. मी जुना आयसी काढून टेस्टरवर लावते. बहुतेक वेळा तो ठणठणीत निघतो.

आदल्या महिन्यात गेट्सची प्रॅक्टिकल्स याच मुलांनी न अडखळता केलेली असतात, त्यामुळे दोष आपल्या जोडणीत असेल हे त्यांच्या मनातच येत नाही. पण गेटचं सर्किट चुका पोटात घालतं. अँड गेटच्या इनपुटवर क्षणभर चुकीचा १ आला, तर आउटपुट क्षणभर चुकतं आणि परत जागेवर येतं. एलईडीकडे बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. काउंटर ज्यांचा बनतो त्या फ्लिप-फ्लॉपचं कामच मुळी लक्षात ठेवण्याचं. १९१८ साली इंग्लंडमध्ये एकल्स आणि जॉर्डन यांनी दोन व्हॅक्यूम ट्यूब अशा जोडल्या, की एक चालू असली की दुसरीला बंद धरून ठेवेल आणि दुसरी चालू झाली की पहिलीला. आजच्या ७४७४ या फ्लिप-फ्लॉप आयसीच्या पोटातही तीच युक्ती आहे, फक्त ट्यूबच्या जागी नँड गेट आहेत. पारडं एकदा कलंडलं की पुन्हा ढकलेपर्यंत तसंच राहतं. मग तो धक्का तुम्ही मुद्दाम दिलेला असो, की वायरीवर चुकून आलेला काही नॅनोसेकंदांचा असो, फ्लिप-फ्लॉपला दोन्ही सारखेच. म्हणून सर्किट बिघडलं की मी मुलांना एकच प्रश्न विचारते: त्या पिनला नेमकं काय दिसलं?

बटण थेट क्लॉकला जोडणं

ही चूक मी दर वर्षी, दर बॅचमध्ये बघते.

एका वर्षी सेकंड इयरच्या मुलांनी गॅदरिंगच्या टेनिस बॉल क्रिकेटसाठी स्कोअरबोर्ड बनवला. दोन ७४९० (० ते ९ मोजणारे काउंटर), दोन ७४४७ (तो आकडा डिस्प्लेवर उमटवणारे आयसी), दोन मोठे कॉमन अ‍ॅनोड डिस्प्ले. एक रन झाली की बटण एकदा दाबायचं. लॅबमध्ये नवीन छोट्या बटणावर तो बरा चालला. मैदानावर त्यांनी दाराच्या बेलचं बटण लावलं आणि तीन मीटर वायर ओढली. पहिल्याच रनला बोर्डवर ४ आले. पुढच्या रनला ६. पहिल्या दिवसाच्या मॅचेस संपेपर्यंत मुलांनी दोन्ही ७४९० बदलले होते, बोर्ड तसाच वेडावाकडा मोजत होता, आणि शेवटी खडू-फळ्यावर स्कोअर लिहायची वेळ आली.

संध्याकाळी मी ते बटण लॅबमध्ये आणून सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) लावलं. एकदा दाबलं, तर पहिल्या दोन मिलिसेकंदांत स्क्रीनवर सात-आठ दांडे उभे राहिले. बटणातल्या पितळी पट्ट्या एकमेकींवर आपटतात, उसळतात, पुन्हा आपटतात आणि मग स्थिरावतात. आपल्या बोटाला हे कळत नाही. ७४९० मात्र सेकंदाला कोट्यवधी पल्स मोजू शकतो, त्याच्या दृष्टीने दोन मिलिसेकंद म्हणजे भरपूर वेळ. त्याला जेवढे फॉलिंग एज (१ वरून ० वर उतरणं) दिसले तेवढे त्याने इमानेइतबारे मोजले. आयसी नवा घातला, तोही तेच मोजणार.

मुलांनी दुपारी आणखी एक उपाय करून पाहिला होता: बटणाच्या दोन पायांत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याने आकडे जास्तच उडायला लागले. हा शॉर्टकट फार पसरलेला आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण तो अर्धाच सांगितला जातो. कपॅसिटर लावल्यावर बटण सोडताना व्होल्टेज हळूहळू चढतं. साध्या टीटीएल (७४ मालिकेतले हे आयसी ज्या प्रकारचे आहेत तो) इनपुटला असा रेंगाळणारा एज चालत नाही. ० आणि १ च्या मधल्या पट्ट्यात व्होल्टेज घुटमळत असताना वायरीवरचा थोडासा नॉइजसुद्धा इनपुटला वर-खाली नेतो, आणि त्यातल्या प्रत्येक उतरत्या धक्क्याला काउंटर एक आकडा पुढे जातो. कपॅसिटर वापरायचाच असेल तर त्याच्यापुढे श्मिट ट्रिगर (रेंगाळणारा एज धारदार करणारं गेट) हवाच. ५ व्होल्टला १० किलोओहमचा पुल-अप (इनपुटला एरवी १ वर धरणारा रेझिस्टर), ग्राउंडला १ मायक्रोफॅरड, बटणाशी सिरीजमध्ये १०० ओहम, आणि ते सगळं ७४१४ या श्मिट ट्रिगरच्या आयसीमधून पार करून मग क्लॉकला. १०० ओहम बरेच जण गाळतात; मी घालते, म्हणजे भरलेला कपॅसिटर बटणाच्या संपर्कबिंदूंवर एकदम रिकामा होत नाही.

त्या रात्री आम्ही मात्र मला जास्त आवडणारा मार्ग घेतला. तीन पायांचा मायक्रोस्विच आणि एका ७४०० मधले दोन नँड गेट, एकमेकांना उलटे जोडून केलेलं एसआर लॅच, म्हणजे सगळ्यात साधा फ्लिप-फ्लॉप. मधला पाय ग्राउंडला, बाकीचे दोन पाय लॅचच्या दोन इनपुटना, प्रत्येकाला १ किलोओहमचा पुल-अप. पट्टी पलीकडच्या संपर्काला पहिल्यांदा टेकली की लॅच फिरतं. मग ती तिथे कितीही उसळली तरी फरक पडत नाही, कारण उसळून ती पार मागच्या संपर्कापर्यंत जात नाही. हवेत असताना दोन्ही इनपुट १, म्हणजे लॅच आहे तसंच. दुसऱ्या दिवशी फायनलपर्यंत बोर्डने एक रन इकडची तिकडे केली नाही. जे एसआर लॅच मुलं 'याचा उपयोग काय' म्हणत जर्नलमध्ये उतरवतात, त्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

प्रीसेट आणि क्लिअर लोंबकळत ठेवणं

'टीटीएलमध्ये उघडं इनपुट १ धरतात' हे वाक्य मुलांना वायवासाठी पाठ असतं, आणि ते खरंही आहे. म्हणून ७४७४ किंवा ७४७६ या फ्लिप-फ्लॉप आयसींचे प्रीसेट-क्लिअर (० दिला की आउटपुट थेट १ किंवा ० करणारे इनपुट) ते जोडतच नाहीत. दोन वायरी वाचतात आणि सर्किट चालतंही. चालतं, म्हणजे त्या दिवशी चालतं.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी एका मुलीचा चार बिटांचा काउंटर दुपारभर नीट चालला. साडेचारला ढग भरून आले, लॅबमध्ये अंधारलं, शिपाईमामांनी ट्यूबलाइट लावली. जुनी चोक-स्टार्टरची ट्यूब, दोन-तीनदा लुकलुकली. दर लुकलुकीला काउंटर शून्यावर. एक्स्टर्नल परीक्षक शेजारी उभे. तिने घाबरून दोन्ही ७४७६ बदलले. तेवढ्यात पुढची ट्यूब लागली आणि पुन्हा शून्य. ती रडकुंडीला आली होती.

तिने क्लिअरच्या पिनपासून वीतभर लांब वायर रिसेट स्विचपर्यंत नेली होती. स्विच दाबला की क्लिअर ग्राउंडला, सोडला की मोकळा. पुल-अप नव्हता. म्हणजे एरवी ती वायर कशालाच बांधलेली नव्हती, अँटेनासारखी हवेत उभी होती. चोकमधला प्रवाह तुटताना जो धक्का बसतो, तो त्या वायरीने उचलला आणि क्लिअरला क्षणभर ० दिसला. क्लिअर क्लॉकची वाट बघत नाही, त्याला क्षण पुरतो. मी १ किलोओहमचा एक रेझिस्टर क्लिअर आणि ५ व्होल्टमध्ये खोचला. त्यानंतर शिपाईमामांनी सगळ्या ट्यूब लावल्या, काउंटर हलला नाही.

हे ओळखायला सीआरओ लागत नाही. मल्टिमीटर घ्या आणि प्रत्येक इनपुट पिन आयसीच्या पायावरच मोजा. उघडं टीटीएल इनपुट साधारण दीड व्होल्टच्या आसपास दिसतं. धड ० नाही, धड १ नाही, असा आकडा दिसला की ती पिन लोंबकळतेय. एचसी मालिकेतल्या सीमॉस आयसीत तर उघड्या इनपुटचा काहीच भरवसा नसतो, नुसता हात जवळ नेला तरी आउटपुट बदलतं.

याच्या उलट चूकही होते. मायक्रोकंट्रोलरच्या सवयीने काही जण टीटीएल इनपुटला १० किलोओहमचा पुल-डाउन (ग्राउंडकडे रेझिस्टर) लावतात. साध्या टीटीएलचं इनपुट ० वर धरायला १.६ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ग्राउंडकडे ओढावा लागतो, एलएस या कमी पॉवरच्या टीटीएल प्रकाराला ०.४. दहा किलोओहममधून एवढा प्रवाह नेताना पिनवर ० राहतच नाही. टीटीएलमध्ये पुल-अप वापरा आणि स्विच ग्राउंडच्या बाजूला ठेवा.

माझी स्वतःची सवय सांगते. आयसी ब्रेडबोर्डवर बसवला की पहिल्यांदा सप्लाय आणि ग्राउंड, लगेच त्यांच्यामध्ये १०४ चा (०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर, मग प्रीसेट आणि क्लिअर १ किलोओहममधून ५ व्होल्टला. एवढं झाल्याशिवाय जे, के किंवा डी (फ्लिप-फ्लॉपचे डेटा इनपुट) ची एकही वायर मी लावू देत नाही. क्लॉकची वायर नेहमी पिवळी आणि शक्य तेवढी आखूड. मुलं कुरकुरतात, सबमिशनची घाई असते. पण ज्या टेबलावर ही पाच मिनिटं वाचवली जातात, तिथेच शेवटचा अर्धा तास आयसी बदलण्यात जातो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की यात मी सूट देत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

सप्लायची पिन सवयीने लावू नका. ७४७४ ला १४ आणि ७ असते, पण ७४७६ ला ५ वर सप्लाय आणि १३ वर ग्राउंड, ७४९० ला ५ आणि १०. सोळा पायांचा आयसी दिसला की हात आपोआप १६ आणि ८ कडे जातो. ७४७६ मध्ये तिथे के आणि दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपचा क्लिअर आहे.

लांब ब्रेडबोर्डची सप्लायची पट्टी बरेचदा मध्येच तुटलेली असते. मीटर लावून बघा.

नँडच्या लॅचचं ट्रुथ टेबल नॉरच्या लॅचला लावू नका. नँडला ००, नॉरला ११ वर्ज्य.

क्यू (फ्लिप-फ्लॉपचं आउटपुट) वर एलईडी लावून त्याच क्यूने पुढच्या फ्लिप-फ्लॉपला क्लॉक देणं टाळा. एलएसचं आउटपुट १ वर असताना जेमतेम ०.४ मिलिअँपिअर देण्याची खात्री देतं, ० वर असताना मात्र ८ मिलिअँपिअर ओढून घेतं. क्यू आणि ग्राउंडमध्ये एलईडी लावला की तो व्होल्टेज खाली खेचतो. एलईडी पेटलेला दिसतो म्हणून मुलांना १ वाटतो, आणि पुढच्या फ्लिप-फ्लॉपला तो १ वाटत नाही. एलईडीसाठी मध्ये एक ७४०४ (इन्व्हर्टर) घाला, आणि एलईडी ५ व्होल्टकडून ३३० ओहममधून त्याच्या आउटपुटला जोडा.

रिपल काउंटर (ज्यात एका फ्लिप-फ्लॉपचं आउटपुट पुढच्याला क्लॉक देतं) उलटा मोजत असेल तर एज बघा. ७४एलएस७६ फॉलिंग एजवर चालतो, त्यामुळे क्यू पुढच्या क्लॉकला दिला की वर मोजतो. ७४७४ चा डी क्यू-बारला (क्यूच्या उलट आउटपुटला) जोडून तसंच केलं तर तो खाली मोजेल, कारण तो रायझिंग एजचा आहे. तिथे पुढच्या क्लॉकला क्यू-बार द्यायचा.

जुना, एलएस नसलेला ७४७६ आणखी वेगळा. तो मास्टर-स्लेव्ह आहे, म्हणजे आत मास्टर आणि स्लेव्ह अशी दोन लॅच आहेत; क्लॉक १ असताना जे किंवा के वर क्षणभर आलेला १ सुद्धा त्याचा मास्टर पकडून ठेवतो. म्हणून त्याचे जे-के क्लॉक ० असतानाच बदला. 'पुस्तकात टॉगल लिहिलंय आणि इथे नुसता सेट होतो' ही तक्रार कितीदा तरी यातूनच निघते.

रिपल काउंटरची आउटपुट्स गेटमध्ये डीकोड करून त्याने दुसऱ्या कशाला क्लॉक देऊ नका. ७ वरून ८ वर जाताना तो ०१११, ०११०, ०१००, ०००० असे टप्पे घेत १००० वर पोहोचतो. एलईडीवर हे दिसत नाही, फ्लिप-फ्लॉपला दिसतं. तिथे सिंक्रोनस काउंटर (सगळ्या फ्लिप-फ्लॉपना एकच क्लॉक असलेला) वापरा. क्लॉक अँड गेटमधून अडवणंही याच कारणासाठी वाईट. अडवायचंच असेल तर डी कडे काय जातं ते अडवा, क्लॉकला हात लावू नका.

बाहेरून, स्वतःच्या मर्जीने बदलणारा सिग्नल थेट डी ला देऊ नका. ७४एलएस७४ ला डेटा क्लॉकच्या आधी २० आणि नंतर ५ नॅनोसेकंद स्थिर हवा असतो. त्या खिडकीत तो बदलला तर फ्लिप-फ्लॉप थोडा वेळ ० आणि १ च्या मध्येच अडकू शकतो. सिग्नल एकापुढे एक अशा दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्या, दोघांना क्लॉक एकच.

पॉवर दिल्यावर काउंटर शून्यापासूनच सुरू होईल असं धरून चालू नका. क्लिअरच्या त्याच पुल-अपला एक कपॅसिटर ग्राउंडकडे लावून श्मिट ट्रिगरमधून पॉवर-ऑन रिसेट काढा. नुसता ७४१४ लावला तर सिग्नल उलटतो, म्हणून त्याचे दोन गेट पाठोपाठ.

तरीही चालत नसेल तर

सगळं एकदम बघू नका. क्लॉक जनरेटर १ हर्ट्झवर आणा आणि फक्त पहिल्या फ्लिप-फ्लॉपचा क्यू बघा. तो दर क्लॉकला न चुकता टॉगल होत असेल तरच दुसऱ्याकडे जा. १ हर्ट्झवर सगळे टप्पे बरोबर आणि बटणावर चूक, तर बटण. एकटा टप्पा बरोबर आणि पुढचा जोडल्यावर चूक, तर लोड किंवा सप्लाय. त्या वेळी सप्लायचं व्होल्टेज आयसीच्या पायावर मोजा, ट्रेनर किटच्या डिस्प्लेवर नाही. ४.७५ च्या खाली असेल तर आधी वायरी बदला. आणि हे सगळं करून झाल्यावरच तो आयसी टेस्टरकडे घेऊन या.