कमांड-लाइन टूलचे एरर टाइप ठरवताना या चुका टाळा

सगळ्यांत महागात पडते ती चूक म्हणजे कोडच्या फोल्डरांप्रमाणे एरर टाइप पाडणं. पार्सर एरर, नेटवर्क एरर, डेटाबेस एरर ही विभागणी लिहिणाऱ्याच्या सोयीची. टूल वापरणाऱ्याला त्या फोल्डरांशी काय देणंघेणं? त्याला एवढंच हवं असतं: आता मी काय करू? कमांड चुकली असेल तर सुधारायची, फाइल सापडत नसेल तर पाथ बघायचा, सर्व्हर तात्पुरता बंद असेल तर थोड्या वेळाने पुन्हा चालवायचं, टूलमध्येच बग असेल तर कळवायचा. दोन टाइप आल्यावर माणूस एकच गोष्ट करणार असेल, तर ते टाइप खुशाल एक करा. उलट ‘नेटवर्क एरर’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडू शकतात. कर्ल हे नेटवरून डेटा आणणारं टूल त्या वेगळ्या ठेवतं: होस्टचं (सर्व्हरचं) नावच सापडलं नाही तर एक्झिट कोड (टूल संपताना देतं तो आकडा, ० म्हणजे सगळं ठीक) ६, टाइमआउट झाला तर २८. पहिल्यात आधी पत्ता तपासावा लागतो, दुसऱ्यात पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ असतो.

काहीही बिनसलं की एक्झिट कोड १ देऊन मोकळं होणं हीसुद्धा सर्रास दिसणारी सवय. मजकूर शोधणारं ग्रेप बघा: सापडलं तर ०, नाही सापडलं तर १, खरी एरर आली तर २. म्हणून तर स्क्रिप्टमध्ये त्यावर विसंबता येतं. काही जण झालेल्या चुकांची संख्याच एक्झिट कोड म्हणून देतात. युनिक्समध्ये शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला) या आकड्याचे शेवटचे ८ बिटच दिसतात, त्यामुळे २५६ चुका झाल्या की कोड ० होतो आणि बिल्ड हिरवा दिसतो! १२६, १२७ आणि १२८च्या पुढच्या आकड्यांना हात लावू नका. ते शेल वापरतं, कंट्रोल-सीने थांबवलेल्या कमांडचा १३० त्यातलाच. बीएसडी या युनिक्स प्रकारातली ६४ ते ७८ कोडची जुनी यादी आहे, पण ती पूर्ण उचलायची गरज मला वाटत नाही. चार-पाच कोड पुरतात. मात्र एकदा जाहीर केलेला कोड बदलला की लोकांच्या स्क्रिप्ट मोडतात.

कोडच्या खालच्या थरात एररचा मजकूर करून टाकायचा आणि वरच्या थरात त्यात ‘सापडली नाही’ हे शब्द शोधायचे, हा प्रकार मेसेज सुधारला की कोलमडतो. टाइप वरपर्यंत जसाच्या तसा जाऊ द्या. गो भाषेत आवृत्ती १.१३ पासून त्यासाठी एररवर माहिती जोडताना लिहायची पर्सेंट-डब्ल्यू (%w) ही खूण आहे. तिथे पर्सेंट-व्ही (%v) लिहिलं तर हाती फक्त मजकूर उरतो. प्रत्येक थराने आपल्यालाच ठाऊक असलेली माहिती जोडावी, म्हणजे फाइलचं नाव, ओळ क्रमांक वगैरे. नाहीतर ‘चालवता आलं नाही: वाचता आलं नाही: उघडता आली नाही’ अशी रडगाणी तयार होतात. टाइपवरून कोड ठरवणं आणि प्रोग्राम थांबवणं हे फक्त मेन या मुख्य फंक्शनमध्ये, एकाच जागी. आतल्या एखाद्या फंक्शनने परस्पर एक्झिट केलं, तर त्या एररची टेस्ट लिहिणंही अवघड होतं.

एवढं करूनही स्क्रिप्टला एरर कळत नसेल, तर आधी पाइप (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारी जोडणी) तपासा. पाइपमध्ये शेवटच्या कमांडचाच कोड धरला जातो. बॅश या शेलमध्ये पाइपफेल चालू करा, म्हणजे मधली कमांड फसली तरी कळेल. आणि पुढचं टूल जेसन (डेटा लिहिण्याची एक ठरावीक पद्धत) वाचताना अडखळत असेल, तर एररचा मेसेज बहुधा स्टँडर्ड एररऐवजी स्टँडर्ड आउटपुटवर जातोय.