कुंडीतली चिलटं घालवायची तर आधी हे सगळं जमवून ठेवा

पावसाळा लागला की घरातल्या कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटं दिसायला लागतात आणि आपण हाताला लागेल तो डासांचा स्प्रे उचलून मारतो, उडणारी पडतात आणि दोन दिवसांत परत तेवढीच. कारण बाकीची सगळी मातीत असतात. एकेक मादी शंभराच्या वर अंडी घालू शकते, तीही ओल्या मातीच्या वरच्या थरात, आणि अंडं ते चिलट हा सगळा प्रवास साधारण तीन ते चार आठवड्यांचा. म्हणून माझं म्हणणं एवढंच की अर्धवट सामानावर सुरुवात करू नका, सगळं आधी गोळा करा, मग एकाच दिवशी सगळ्या कुंड्या हातात घ्या आणि पुढचा निदान महिना सोडू नका.

सगळ्यात आधी ती चिलटंच आहेत ना हे बघायचं. केळ्यांवर घोंगावतात त्या फळमाश्या, बाथरूमच्या टाइल्सवर बसतात त्या केसाळ पंखांच्या गटारमाश्या, आणि पानाच्या मागे पांढरा भुगा उडाल्यासारखं होत असेल तर पांढरी माशी, या तिघींचे उपाय वेगळे. आपली चिलटं माती हलवली की उठतात आणि लांब न जाता कुंडीच्या काठावरच पळत राहतात. खात्री करायला एक बटाटा बाजूला ठेवा. त्याची बोटभर जाड चकती कापून मातीत थोडी दाबायची, दोन-तीन दिवसांनी उलटून बघायची, खाली दोऱ्यासारख्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या अळ्या आणि त्यांचं चकचकीत काळं डोकं दिसलं की विषय संपला. भिंग असेल तर घ्या, त्या डोक्यावरूनच ओळख पटते. चकती अळ्यांसकट पिशवीत बांधून टाकून द्यायची, ओल्या कचऱ्यात उघडी नको.

आता सामान. पिवळे चिकट सापळे कृषी सेवा केंद्रात मिळतात, शेतात मावा-पांढऱ्या माशीसाठी लावतात तेच, त्याचे छोटे तुकडे करून घ्या आणि काडीला उभे लावण्यापेक्षा मातीच्या अगदी जवळ आडवे ठेवा, तिथे जास्त सापडतात. प्रत्येक तुकड्यावर पेनने तारीख घाला, म्हणजे दर आठवड्याला कमी होतायत की नाही ते कळेल. दुसरं बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तो जिवाणू. दुकानात नुसतं बीटी मागितलंत तर बऱ्याचदा कुर्स्टाकी हातात देतात, ते पानं खाणाऱ्या अळ्यांचं, चिलटांवर त्याचा उपयोग नाही, तेव्हा लेबलवर इस्रायलेन्सिस वाचूनच पैसे द्या. हे अळीने खाल्लं तरच काम करतं, अंड्यावर कोषावर काही होत नाही, म्हणून डोस लेबलप्रमाणे आणि दर आठवड्याला परत, एकदा घालून थांबलात तर पैसे वाया. ते नाहीच मिळालं तर नीमतेल, लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली आणि थोडा लिक्विड सोप, नीट ढवळून मातीत ओतायचं. निंबोळी पेंडही चालेल पण मूठभर वर पसरून ठेवू नका, ओली झाली की तिच्यावरच पांढरी बुरशी येते आणि चिलटांना आयतं खाणं, मातीत मिसळून टाका.

हायड्रोजन पेरॉक्साइड मी शेवटचा पर्याय म्हणून ठेवते, कारण ते मातीतले चांगले जीवही मारतं. घ्यायचंच असेल तर मेडिकलमधल्या बाटलीवरचा टक्का बघा, 3 टक्के असेल तर एका भागाला चार भाग पाणी, 6 टक्के असेल तर नऊ भाग. दालचिनी वगैरेवर वेळ घालवू नका.

सामानापेक्षा मोठी तयारी पाण्याची आणि घरच्यांची. घरात आई, सासूबाई, कोणी ना कोणी प्रेमाने तांदूळ धुतलेलं पाणी, चहाचा चोथा, आंबट ताक कुंडीत घालत असतं, त्यांना आधीच नीट समजावून सांगा की महिनाभर हे बंद, कारण या अळ्या मुख्यतः बुरशी आणि कुजणाऱ्या गोष्टींवर जगतात. मग बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागल्याशिवाय पाणी नाही. स्नेक प्लांट, झीझी, मनीप्लांट याला काही होत नाही, उलट बरं वाटतं, पण पीस लिली आणि फर्न एवढी कोरडी राहू शकत नाहीत, त्यांच्यासाठी एक पसरट टब काढून ठेवा, कुंडी त्यात अर्धा तास ठेवून खालून पाणी प्यायला द्यायचं म्हणजे वरचा थर कोरडा राहतो. कुंडीखालच्या ताटल्या त्याच दिवशी रिकाम्या करायच्या, डेंग्यूचे डासही तिथेच वाढतात. धुतलेली जाड वाळू आणून मातीवर बोटभर थर दिला तर अंडी घालायला अडचण होते, पण खालच्या भोकांतूनही ती ये-जा करतात, तिथे जाळीचा तुकडा लावा नाहीतर वाळूचा काही फायदा नाही.

मोठ्या झाडांचं फारसं बिघडत नाही आणि ही चावतही नाहीत, पण तुळशीची कोवळी रोपं, मेथीचे ट्रे, नुकत्याच लावलेल्या काड्या असतील तर त्या वेगळ्या खोलीत हलवायची जागा आधी ठरवा, अळ्या बारीक मुळं खातात आणि रोपं एका रात्रीत कोलमडतात, ते बघवत नाही.

कोकोपीटची आणि गांडूळखताची अर्धी उघडी पोती बाल्कनीत पडलेली असतील तर ती घट्ट बांधा, बऱ्याचदा मूळ तिथेच सापडतं, आणि नवीन कोकोपीट उकळत्या पाण्यात भिजवून पूर्ण गार झाल्यावरच वापरा. महिन्यानंतर सापळे रिकामे यायला लागले तरी खिडकीपाशी एक लावलेला असू दे, आणि नर्सरीतून नवीन झाड आणलं की ते तीन-चार आठवडे इतरांपासून लांब, त्याच्या कुंडीत स्वतःचा एक पिवळा तुकडा घालून ठेवा.