ट्राउटच्या नादी लागताय? मग या चुका टाळा

दरवर्षी एप्रिलमध्ये मी आठ-दहा दिवस हिमाचलात, तीर्थन नदीच्या काठी ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी असतो. लहानपणी कोकणात खाडीवर गरवायला शिकलो: बांबूची काठी, तंगूस, गरी आणि आमिषाला सोललेली कोलंबी. शेंगटी लागली तरी दिवस सोन्याचा व्हायचा. ट्राउटकडे वळलो तेव्हा हे सगळं कमी दर्जाचं वाटायला लागलं आणि तिथेच माझी पहिली दोन वर्षं वाया गेली. म्हणून हे लिहितोय.

आधी दुकान, मग नदी

महागडी काठी, दोन डझन स्पिनर (पाण्यात गरगरणारी धातूची खोटी आमिषं), खिसेच खिसे असलेलं जॅकेट, चष्मा, टोपी. हे सगळं घेऊन नदीवर पोचलेला माणूस पहिला तासभर सामानातच अडकतो. तीर्थनसारख्या नदीला सहा-सात फुटी हलकी काठी, छोटं रीळ, चार ते सहा पौंडी दोरा आणि एक-दोन नंबरचे तीन-चार स्पिनर पुरतात. फ्लायने, म्हणजे गरीवर पिसं-दोरा बांधून केलेल्या खोट्या माशीने, मासेमारी करायची असेल तर एकच मध्यम काठी आणि पाच-सहा माश्या घ्या. जपानातल्या डोंगरी नद्यांवरची तेनकारा पद्धत तर रिळाशिवायच चालते. काठीच्या टोकाला दोरा, दोऱ्याला माशी. मला ती पहिल्यांदा हातात घेतल्यावर आजोबांचा बांबूच आठवला.

पैसे वाचवा आणि गाठ शिका. दोरा गरीच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या फटीतून आणि मग तयार झालेल्या मोठ्या फासातून काढा. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी ओढली की घासून दोरा तापतो आणि नेमका तिथेच तुटतो. मासा ‘तोडून गेला’ म्हणतात त्यातले बरेच या कोरड्या गाठीमुळे गेलेले असतात. गरी बोथट झालीय का हे पाहायचं तर तिचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवा. घसरली तर घासायला हवी, रुतली तर ठीक.

पाणी न बघता त्यात उतरणं

सगळ्यात मोठी चूक हीच. दुसऱ्या वर्षी गुशैणी गावाच्या वर एक म्हातारे गृहस्थ माझी धडपड बराच वेळ बघत बसले होते. शेवटी म्हणाले, “बाबूजी, पहले पानी तो देखो.” मला हात धरून खडकावर बसवलं. आम्ही वीसेक मिनिटं नुसते बसलो होतो. हळूहळू दिसायला लागलं: मोठ्या धोंड्यामागे पाणी शांत होतं, त्याच्या कडेने जोराचा प्रवाह जात होता, आणि दोन्हींच्या शिवेवर एक करडी सावली जागच्या जागी डुलत होती. मध्येच ती वीतभर बाजूला सरकायची, काहीतरी टिपायची, परत जागेवर यायची.

ट्राउट बहुतेक वेळा असाच राहतो. ताकद वाचेल अशा संथ जागी उभा राहून शेजारच्या धारेतून वाहत येणारं खाणं टिपतो. त्याचं तोंड प्रवाहाच्या उगमाकडे असतं, म्हणून तुम्ही खालच्या अंगाने वर सरका. सावली पाण्यावर पडू देऊ नका. दगडांवर धपाधप चालू नका, ते हादरे त्याला जाणवतात.

मग काठावरचा एक ओला धोंडा उलटा करून बघा. खालच्या बाजूला वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली नखाएवढी नळी दिसेल, आत कॅडिस माशीची अळी. शेजारी चपट्या अंगाची, मागे शेपट्या असलेली मेफ्लाय या किड्याची पिल्लं तुरुतुरु पळतील. दगड होता तसा परत ठेवा. तुमची माशी या आकाराची आणि रंगाची असावी.

मासा माशीमागे येऊन ऐन वेळी वळतो? तर बहुधा तुमचा दोरा प्रवाहात ताणला जाऊन माशी ओढली जातेय. पाण्यावरचं पान जसं वाहतं तशीच माशी वाहायला हवी. जवळ जा, छोटी फेक करा, काठीचं टोक उंच ठेवा. स्पिनर सतत दगडात अडकत असेल तर तो पाण्याला टेकताक्षणी ओढायला लागा.

‘अमुकच पद्धत खरी’ असं मानणं

१९३८ मध्ये लंडनच्या एका क्लबात यावर वाद झाला होता: पाण्यावर तरंगणारीच माशी वापरावी, की पाण्याखाली बुडणारीही चालेल? तो अहंकार आजही काठाकाठांवर भेटतो. फ्लायवाला स्पिनरवाल्याला हसतो, दोघे मिळून गांडूळवाल्याला. परवान्याच्या नियमांत बसत असेल ते वापरा आणि शेजाऱ्यालाही वापरू द्या. आपल्याकडचा ब्राउन ट्राउट मुळात इथला नाहीच. इंग्रजांनी तो आधी काश्मिरात आणि मग १९०९ च्या सुमारास कुल्लूत आणला. ज्या ‘असला’ माशाला लोक हलका समजतात, तो मात्र हिमालयातला मूळचा रहिवासी. तो लागला तर त्यालाही तितक्याच आदराने वागवा.

मोजदाद आणि फोटो

‘हमखास मासा’ देणाऱ्या पॅकेजच्या तळ्यात मासा मिळतो, पण नदी मिळत नाही. खायचाच असेल तर खोऱ्यातल्या ट्राउट फार्मवरून ताजा रेनबो ट्राउट घ्या, उत्तम लागतो. नदीतला सोडायचा असेल तर गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने आधीच दाबून सपाट करा. हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग जखमा चिघळतात. फोटोसाठी त्याला खडकावर टाकू नका. तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत पाण्यातच धरा. कल्ले नीट हलायला लागले की त्याच्या शेपटीचा एक फटका मनगटाला बसतो आणि तो जातो. मला त्या फटक्यासाठीच परत परत जावंसं वाटतं.

हंगाम आणि धरण

परवाना मत्स्य विभागाकडून घ्या, त्यावरची आकाराची आणि संख्येची अट पाळा. मे-जूनमध्ये बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं, म्हणून सकाळ गाठा. धरणाखालच्या पात्रात पाणी सोडण्याचा भोंगा वाजला नाही तरी सावध राहा. ८ जून २०१४ ला लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियासच्या पात्रात उभी असलेली २४ मुलं वाहून गेली.

१ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण थंडीत ब्राउन ट्राउट वाळूखड्यांत अंडी घालतो. मार्चमध्ये हंगाम उघडतो तेव्हाही पिल्लं त्या खड्यांखाली असू शकतात. उथळ पाण्यात आजूबाजूपेक्षा उजळ, नुकताच उकरल्यासारखा खड्यांचा पट्टा दिसला, तर तिथून पाय टाकू नका. थोडं वर जा आणि मोठ्या धोंड्यांवरून ओलांडा.