ताप कितव्या दिवसाचा? पुण्यातल्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

पावसाळा लागला की पुण्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेटबद्दल एकच प्रश्न ऐकू येतो, "पेशी किती आल्या?" हे जुलैत सुरू होतं आणि दिवाळीपर्यंत चालतं. बार्शी, अंबाजोगाई, संगमनेर अशा ठिकाणांहून डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) किंवा मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करायला इथं येणाऱ्यांची पहिली नोकरी बहुधा अशाच काउंटरमागे लागते. मी एमएस्सीनंतर एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले आणि अजून तिथेच आहे. रक्तात आणि लसिका ग्रंथींत (मानेत, काखेत, जांघेत असतात त्या गाठींत) मुक्काम ठोकणारे विषाणू हा माझ्या अभ्यासक्रमातला एक पेपर होता. पेपरात विचारायचे कुळ कुठलं, आरएनए की डीएनए, आवरण आहे की नाही. लॅबमध्ये यातलं फारसं कुणी विचारत नाही. इथं आधी कळायला हवं ते एवढंच, की आजार कितव्या दिवसाचा आहे.

डेंग्यूपासूनच सुरुवात करू, कारण तुमचे पहिले महिने त्यातच जाणार आहेत. डेंग्यूचं एनएस१ अँटिजेन, म्हणजे विषाणूचंच एक प्रथिन, तापाच्या पहिल्या दिवसापासून सापडू शकतं आणि साधारण पाचव्या दिवसानंतर ते सापडण्याची शक्यता कमी होत जाते. आयजीएम अँटिबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध आधी तयार केलेली प्रथिनं, चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी काढलेलं आयजीएम निगेटिव्ह आलं, तर त्यावरून डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही. सातव्या दिवशीच्या निगेटिव्ह एनएस१चंही तसंच. याआधी डेंग्यू होऊन गेलेल्या माणसात एनएस१ आणखी लवकर नाहीसं होतं. उलट आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकू शकतं, म्हणजे आजचा पॉझिटिव्ह रिपोर्ट श्रावणातल्या तापाचाही असू शकतो. रॅपिड कार्डवरच्या रेघेवर विसंबू नका. शासकीय नोंदीत डेंग्यूची खात्री एलायझा या प्लेटवर करायच्या चाचणीनेच धरतात, आणि सरकारी केंद्रांना आयजीएम एलायझाचं किट पुरवते ती आपल्या पुण्यातलीच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही.

दिवस विचारणं वाटतं तितकं सोपं नाही. "ताप कधीपासून?" म्हटलं की उत्तर येतं, "झाले की तीन-चार दिवस." तीन आणि चार यांत इथं बराच फरक आहे. मी विचारते, कामावर शेवटचं कधी गेलात? गणपती बसले त्या दिवशी मोदक खाल्ले का, की तोंड कडू होतं? सणवार माणसाला पक्के आठवतात. मिळालेली तारीख रिक्विझिशन फॉर्मवर लिहा, मागितली नसली तरी.

आता पेशींचं. निरोगी माणसात प्लेटलेट दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. मशीनने ४० हजार दाखवले की नातेवाइकांच्या आधी तुम्ही घाबरू नका. रक्त गोठू न देणाऱ्या, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन तो गठ्ठा मोजतच नाही. स्लाइड काढा, कडेला गठ्ठे दिसतात का पाहा. दिसले तर सायट्रेटच्या नळीत नमुना परत घ्या आणि येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणा. गठ्ठे नसतील तर सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाच्या एका फील्डमधली एक प्लेटलेट म्हणजे ढोबळमानाने १५ ते २० हजार धरायच्या. स्लाइड न बघता कमी काउंट सही करून सोडणारी लॅब असेल, तर तिथं शिकायला फार काही नाही, असं माझं मत आहे.

आणि खरं सांगायचं तर सगळं शहर प्लेटलेटकडे बघत असताना डेंग्यूतला धोका बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमक्या त्याच काळात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपू लागतो. रक्त दाट होतं. म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत, तो बघायचा. तो ३८ वरून ४६ वर गेला तर वाढ २० टक्क्यांहून जास्त होते, आणि हा आकडा डॉक्टरांना फोन करून कळवायचा असतो. सोबत पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त असेल तर आणखीच. रक्तस्राव नसताना निव्वळ काउंट कमी म्हणून प्लेटलेट चढवण्याची गरज सहसा १० हजारांच्या खाली गेल्यावरच येते. प्लेटलेटची पिशवी २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवली तरी पाचच दिवस टिकते. त्या पिशवीसाठी रात्री ब्लड बँकांना फोन करत सुटलेली माणसं बघितली की हे काउंटरवर नीट समजावून सांगणारं कुणी हवं होतं असं वाटतं. पपईच्या पानांच्या रसावर मात्र वाद घालत बसू नका, वेळ जातो.

स्लाइड बघायची सवय लागली की एक दिवस वेगळंच काही दिसेल: मोठे, पसरट, निळसर झाक असलेले लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), शेजारच्या तांबड्या पेशींना कवटाळून बसलेले. हे रिअॅक्टिव्ह लिम्फोसाइट. डेंग्यूतही थोडे दिसतात, पण रुग्ण कॉलेजातला असेल, घसा लाल, मानेत गाठी आणि थकवा असेल तर एपस्टाइन-बार विषाणूचा विचार करा. १९६४ साली बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींत तो पहिल्यांदा दिसला. तो बी-लिम्फोसाइटमध्ये शिरतो आणि आयुष्यभर तिथंच राहतो. इथंही दिवसांचा हिशोब सुटत नाही, कारण या आजारासाठी करायची हेटेरोफाइल अँटिबॉडीची चाचणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. घसा दुखतो म्हणून अमोक्सिसिलीन घेतलं आणि अंगभर पुरळ उठलं, हा इतिहास मिळाला तर तो पॅथॉलॉजिस्टच्या कानावर घाला. प्लीहा सुजलेली असते, म्हणून डॉक्टर अशा मुलांना कबड्डी आणि जिमपासून काही आठवडे लांब ठेवतात.

मानेतल्या गाठीबद्दल एक गोष्ट पुस्तकं पुरेशी ठासून सांगत नाहीत. आपल्याकडे महिनोन्महिने टिकलेली गाठ असेल तर आधी क्षयरोग वगळायचा, विषाणू नंतर. पायाला जखम होऊन जांघेत आलेलं अवधाण बहुधा जिवाणूंचं. आणि हत्तीपाय लसिका वाहिन्यांचाच आजार असला तरी तो जंतामुळे होतो, विषाणूमुळे नाही. तोंडी परीक्षेत यावर हमखास घसरतात.

एचआयव्हीचं काम शांत डोक्याने करायचं. हा विषाणू सीडी४ लिम्फोसाइटना धरतो. निरोगी माणसात त्या दर मायक्रोलिटरला साधारण ५०० ते १५०० असतात, २०० च्या खाली गेल्या की संधिसाधू आजार डोकं वर काढतात. लसिका ग्रंथींत तो सुप्तपणे दडून राहतो, म्हणून औषधं थांबवली की रक्तातला विषाणू परत वाढतो. चौथ्या पिढीच्या चाचण्या अँटिबॉडीसोबत पी२४ हे विषाणूचं अँटिजेनही पकडतात. त्यामुळे विंडो पिरियड, म्हणजे लागण होऊनही चाचणी निगेटिव्ह येण्याचा काळ, कमी झाला, संपला मात्र नाही. एका चाचणीवर पॉझिटिव्ह म्हणायचं नसतं, वेगवेगळ्या किटवर खात्री करायची असते. आणि रिपोर्ट फक्त रुग्णाच्या हातात. मेव्हणा असो की मालक. २०१७ च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे.

स्वतःचीही काळजी घ्या. हेपॅटायटिस बी लसीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिने, रुजू होण्याआधीच सुरू करा. सुई टोचल्यावर लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बी होण्याचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. एचआयव्हीसाठी तो सुमारे ०.३ टक्के. टोचली तर बोट दाबून रक्त काढू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. सुईला टोपण परत लावायचं नाही, हे पहिल्या दिवशीच हाताला शिकवा.

संशोधनाकडे ओढा असेल तर पुण्यासारखं गाव नाही. एनआयव्ही १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलातल्या माकडांच्या मृत्यूंमागचा क्यासनूर विषाणू इथल्याच शास्त्रज्ञांनी शोधला. पुरंदरमधल्या बेलसरला २०२१ मध्ये राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, तेव्हाही नमुने इथंच तपासले गेले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न व्हायरॉलॉजीची एमएस्सी तिथं करता येते, जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर बघत राहा. मुलाखतीला येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सर्वांत घातक विषाणू हाताळणारी पाषाणची बीएसएल-४ लॅब असते. प्रत्यक्षात बरीच वर्षं एलायझाच्या प्लेटा, पिपेट आणि फ्रीजरच्या नोंदवह्या यांतच जातात, आणि ते काम ज्याला कंटाळवाणं वाटत नाही तोच तिथं टिकतो. प्रोजेक्टवरच्या जागा कराराच्या असतात. करार किती महिन्यांचा, वाढतो कसा, हे मुलाखतीतच विचारून घ्या आणि मगच पाषाण-सूसकडे खोलीची अनामत भरा.