चिंक्वे तेर्रेचा एक दिवस: निघण्याआधीची तयारी

या यादीतलं पहिलं काम खोडण्याचं आहे. चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर डोंगराला चिकटून बसलेली पाच गावं: मोंतेरोस्सो, वेर्नाझ्झा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे. पाच आकडा ऐकला की आपल्या अंगात दोन दिवसांत अष्टविनायक उरकणारा यात्रेकरू संचारतो. गाडीतून उतरा, फोटो काढा, पुन्हा गाडी. निवांत दिवस हवा असेल तर त्यातली दोन गावं आधीच कमी करा. आई-बाबा बरोबर असतील तर मी कोर्निलिया आधी खोडेन. ते समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंचावर आहे आणि स्टेशनापासून गावात जायला जवळपास 380 पायऱ्या आहेत. वर नेणारी छोटी बस असते, पण तिच्या रांगेत उभं राहण्यात निवांतपणा कसला? रिओमाज्जोरे खोडताना मात्र घरात वाद होईल, कारण तिथून मानारोलाला जाणारी ‘प्रेमाची वाट’, व्हिया देल्लामोरे, सगळ्यांनी ऐकलेली असते. दरड कोसळल्यामुळे 2012 मध्ये बंद झालेली ही जेमतेम किलोमीटरभराची वाट 2024 मध्ये पुन्हा उघडली. हट्टच असेल तर तिची वेळ आधी आरक्षित करा आणि दुपारचं दुसरं काहीतरी सोडा.

मग तारीख. एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात किंवा सप्टेंबर हे दिवस चांगले. पण 25 एप्रिल, 1 मे आणि 2 जून या इटलीच्या सुट्ट्या टाळा, शनिवार-रविवार टाळा, आणि 15 ऑगस्टच्या आसपास तर जाऊच नका, तेव्हा अख्खी इटली समुद्रावर असते. शेजारचं ला स्पेझिया शहर हे मोठ्या क्रूझ जहाजांचं बंदर आहे. ज्या दिवशी दोन-तीन जहाजं लागतात त्या दिवशी वेर्नाझ्झाच्या एकुलत्या एका मुख्य गल्लीला गणपतीतल्या लक्ष्मी रोडची कळा येते. जहाजांचं वेळापत्रक इंटरनेटवर सहज मिळतं, तारीख ठरवण्याआधी ते बघून घ्या. रेल्वेगाड्यांचा संपही तपासा. ‘शोपेरो’ हा शब्द दिसला की समजून जा. असे संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक गाड्या तरीही सोडतात.

मुक्काम ला स्पेझियात ठेवा. फ्लॉरेन्सहून एका दिवसात जाऊन येणारे बरेच असतात, पण त्यांचे चार-पाच तास गाडीतच जातात. ला स्पेझियाहून रिओमाज्जोरे दहा मिनिटांच्या आत येतं, मोंतेरोस्सो अर्ध्या तासाच्या आत.

इथे एक गोष्ट लोकांना जाऊन आल्यावर कळते. किनाऱ्याची रेल्वे म्हणून खिडकी पकडून बसावं, तर गाडी बहुतेक वेळ बोगद्यातच असते. समुद्र दिसला म्हणेपर्यंत पुन्हा अंधार. किनारा बघायचा तर पाण्यातूनच. म्हणून सकाळी जाताना बोट आणि येताना गाडी. ला स्पेझियाहून निघणारी बोट पोर्तोव्हेनेरे या गावावरून मोंतेरोस्सोपर्यंत जाते. उजव्या बाजूला बसा, गावं त्याच बाजूला येतात. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची द्राक्षशेती दिसेल. ती तोलून धरणाऱ्या दगडी भिंती चुना-सिमेंटशिवाय नुसत्या रचलेल्या आहेत, अगदी आपल्या कोकणातल्या गडग्यासारख्या. 1997 मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशात घेतला तो माणसाने घडवलेल्या या डोंगरासकट. बोटी साधारण वसंतापासून शरदापर्यंतच चालतात आणि समुद्र खवळला की रद्द होतात, त्यामुळे सकाळी चौकशी केल्याशिवाय तिकीट काढू नका. बोट लागणाऱ्यांनी गोळी नाश्त्यानंतर घ्यायची, धक्का सुटल्यावर नव्हे.

रेल्वेसाठी दिवसभराचं कार्ड मिळतं. त्यावर ला स्पेझिया ते मोंतेरोस्सोच्या पुढचं लेवांतो, कितीही वेळा चढा-उतरा, आणि पैसे लागणाऱ्या पायवाटाही त्यात येतात. व्हिया देल्लामोरेचं मात्र वेगळं बघावं लागतं. पण जाताना बोट आणि नंतर दोन-तीन वेळाच गाडी, एवढाच बेत असेल तर सुट्या तिकिटांचा हिशेब करून बघा, कार्ड महागात पडू शकतं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छाप मारून घ्या. ‘माहीत नव्हतं’ हे कारण तिकीट तपासनीस ऐकून घेत नाही. वेर्नाझ्झा आणि रिओमाज्जोरेला गाडीचे काही डबे बोगद्यातच थांबतात. बाहेर काळोख दिसला म्हणून बसून राहू नका, स्टेशन आलेलं असतं.

पायात घट्ट, तळाला पकड असलेले बूट. हौसेने नव्या चपला घालून पायवाटेवर गेलात तर दंड होऊ शकतो, हा परिसर राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथला तसा नियमच आहे. मोंतेरोस्सो ते वेर्नाझ्झा ही वाट सुंदर, पण चढाची, आणि दोन तास तरी खाते. गुडघे कुरकुरत असतील तर ती सोडा, वाईट वाटून घेऊ नका. पावसाचा इशारा असला की वाटा बंदच करतात. ऑक्टोबर 2011 च्या पुरात वेर्नाझ्झा आणि मोंतेरोस्सो चिखलाखाली गेली होती, त्यामुळे तिथे पावसाला कोणी हलक्यात घेत नाही.

पिशवीत पाण्याची बाटली (गावातल्या नळांवर भरता येते), टोपी, सनस्क्रीन, स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी, आणि एक पंचा. पंचा हसण्यावारी नेऊ नका. मोंतेरोस्सोच्या वाळूवर पाय पुसायला, चर्चमध्ये उघडे खांदे झाकायला आणि संध्याकाळी खडकावर अंथरायला तोच एक पुरतो. सूटकेस ओढत येऊ नका.

शाकाहारी मंडळींनी दशम्यांचा डबा थोडा हलका ठेवला तरी चालेल, कारण लिगुरिया त्यांना सांभाळून घेते. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, भट्टीत भाजलेलं. घास घेताच घरचं धिरडं आठवतं, फक्त हिरवी मिरची शोधूनही सापडत नाही. फोकाच्चा हा ऑलिव्ह तेलातला चपटा पाव जागोजागी मिळतो. पेस्तो, म्हणजे बेसिलच्या पानांची हिरवी चटणी, इथलाच, पण त्यात चीज असतं आणि त्या चीजमध्ये दूध घट्ट करणारं, प्राण्यांपासूनचं रेनेट असतं, हे काटेकोर शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. मोंतेरोस्सोचा अँचोव्ही मासा प्रसिद्ध आहे आणि तो अनपेक्षित ठिकाणी डोकावतो, म्हणून ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करा. जेवायला साडेबारा ते दोनच्या दरम्यान बसा, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल, तो बसण्याचा आकार. भांडू नका.

दुपार वेर्नाझ्झाच्या बंदरावर काढा आणि शेवटी मानारोला. मानारोलाच्या बंदराच्या उजवीकडून पुंता बोनफिल्यो या टोकाकडे वाट जाते, तिथून अख्खं गाव समोर येतं. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास बुडतो, म्हणून परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा आधीच लिहून ठेवा: एक उजेड असतानाची आणि एक, कोणीच पंच्यावरून उठायला तयार नसेल तेव्हाची.